खाडीतले चालते दगड

वहिनीचं डोकं सहसा फिरत नसे. पण एकदा फिरलं की ते जागेवर आणायची कुणाची टाप नव्हती. त्या आठवड्यात मात्र ते फिरवायचंच म्हणून सगळं ऑफिस जणू कंबर कसून बसलं होतं.

ती साऱ्या ऑफिसची वहिनी झाली ती तिच्या नणंदेमुळे. खाडीच्या पाहणीसाठी ऑफिसनं जी होडी लावली होती ती नणंदेची; चालवायची तीच आणि ओरडायचीही तीच. "वहिनी, दोर सोड! वहिनी, डोकं आत घे!" हे पार किनाऱ्यापर्यंत ऐकू जायचं. मग शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळेच तिला वहिनी म्हणू लागले. ती नणंदेला ताई म्हणायची. दोघींचं घर एक, होडी एक आणि भांडण रोज नवं.

वहिनीचं काम पाण्याखालच्या तळाचं चित्र काढण्याचं. होडीमागे दोराला एक पिवळं, लांबट यंत्र बांधून ओढायचं. ते दोन्ही बाजूंना आवाज सोडतं, तळावरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतं आणि होडीतल्या पडद्यावर त्याचं चित्र उमटवतं. खाडीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचं काही चालत नाही, कानांचं चालतं. यंत्राचं नाव सोनार. "सोनाराचं यंत्र आलं, पण गुंजभर सोनं काही दिसलं नाही," असं ताई पहिल्याच दिवशी म्हणाली होती. ती त्याला जावई म्हणायची. हळू उचला, आपटू नका, गोड्या पाण्यानं अंघोळ घाला, मऊ गादीवर ठेवा. आणि एवढं करूनही कधी रुसेल याचा नेम नाही.

त्या दिवशी जावई खुशीत होता. ओहोटी पुरती लागली होती. दोन्ही अंगांचा चिखल उघडा पडला होता आणि होडी डोहावर आली होती. डोह म्हणजे नदी खाडीला मिळते तिथल्या वळणावरचा खोल खड्डा. भरतीला मासे चिखलावर चरायला पांगतात. पाणी उतरलं की बिचारे जातील कुठं? या डोहात. पडद्यावर करडा तळ सरकत होता आणि त्यावर पांढरे ठिपके उमटू लागले. आधी तुरळक, मग मूठभर तांदूळ फेकावेत तसे. प्रत्येक ठिपक्यापासून जराशा अंतरावर एक बारीक काळी रेघ होती.

"ह्या रेघा कसल्या गं?" ताईनं विचारलं.

"सावल्या. माशाला आवाज अडला की त्याच्या पलीकडच्या तळावर तो पोचत नाही. तेवढी जागा काळी राहते. मासा तळापासून वर असतो, म्हणून सावली त्याच्यापासून सुटी दिसते."

"म्हणजे आवाजाचीपण सावली पडते?"

"पडते की."

"तुझ्या बोलण्याची पडत नाही ते बरं. घरात उजेड राहिला नसता."

वहिनी खळखळून हसली. तिला खरोखर आनंद झाला होता आणि त्याला कारणही तसंच होतं. जहाजांची वाट खोल करायची, तो उपसलेला गाळ या डोहात ओतायचा आणि डोह बुजवून टाकायचा, असा ऑफिसनं घाट घातला होता. तळ ओसाड निघाला तर सरकारी समिती परवानगी देणार होती. आणि हा तर गजबजलेला निघाला! खात्रीसाठी तिनं होडी मागं न्यायला लावली आणि त्याच पट्ट्यावरून, त्याच दिशेनं दुसरी फेरी मारली. मासे होतेच, फक्त जागा बदलून.

नोंदी ऑफिसात गेल्या, त्या चित्रकाराकडे. हा खरा इंजिनिअर. नोंदी जोडून मोठं चित्र तयार करायचा, म्हणून चित्रकार. माणूस वाईट नव्हता. त्याला स्वच्छतेचं वेड होतं, इतकंच. पाहुण्यानं कप उचलला की खालचा डाग पुसणाऱ्या जातीचा. त्यानं दोन फेऱ्यांची दोन चित्रं टेबलावर ठेवली आणि वहिनी बघतच राहिली. गुळगुळीत करडा तळ. ठिपका औषधालाही नाही.

"ठिपके कुठं गेले?"

"मोठे साहेब म्हणाले, ठिपके काढ, चित्र स्वच्छ दिसू दे," चित्रकार नजर चुकवत म्हणाला. "पाण्यात बुडबुडे असतात, कचरा असतो…"

"आणि मासे?"

चित्रकारानं चष्मा काढून पुसायला घेतला.

वहिनी तडक मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली. साहेब धमकीसुद्धा चहा विचारावा तशी देत. "बस ना वहिनी. पाहणी तू केलीस, तेव्हा चित्राखाली सही तुझीच लागेल."

"मग समितीला मूळ नोंदी दाखवा."

"समितीपुढं मंजूर झालेलं चित्रच जातं. दुसरा कागद तिथं चालत नाही."

"तर मग सहीही नाही."

"ताईंची होडी आपल्याच कामावर आहे ना?" साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "नाही, सहज आठवलं."

वहिनीनं दोन्ही चित्रांच्या प्रती उचलल्या आणि ती बाहेर पडली. रस्त्यात तिचे कान तापले होते. स्वतःसाठी तिला भीती वाटत नव्हती. पण ताईचं काम आपल्यापायी जाणार, हे तिला सोसवत नव्हतं.

ताई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"झालं सांगून?" ती शेवटी म्हणाली. "आता माझं ऐक. होडी माझी आहे, तुझ्या साहेबाची नाही. ऑफिस नव्हतं तेव्हाही ती तरंगत होती. तू सही केलीस तर मात्र पुन्हा तिच्यात पाय ठेवायचा नाही."

"अहो ताई, पण…"

"पण नाही नि बिण नाही. तो डोह बुजला तर मासे काय आपल्या मोरीत येऊन राहणार आहेत?"

वहिनीला रडूही आलं आणि हसूही. ते लपवायला ती खिडकीशी गेली आणि उगाचच चित्र उजेडात धरून उभी राहिली. मग तिनं ते डोळ्यांजवळ नेलं. मग दुसरं नेलं. चित्रकारानं पांढरं म्हणून जे होतं ते झाडून पुसलं होतं. काळ्या रेघांकडे त्यानं पाहिलंच नव्हतं.

"ताई!" ती ओरडली. "तुमच्या भावाला सांगा, आज स्वयंपाक त्यानं करायचा. मला काम आहे!"

समितीची बैठक भरली तेव्हा खोली गच्च होती. अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या. एके काळी न्यायाधीश असलेल्या, आणि समोरच्याला बोलू देणाऱ्या. मोठ्या साहेबांनी दोन्ही चित्रं भिंतीवर लावली आणि लोणी लावल्यासारखं बोलले: तळ सपाट, निव्वळ चिखलाचा, जीवसृष्टी नाही, गाळ टाकायला हरकत नाही.

"चित्राखाली सही नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"राहून गेली. त्या इथंच आहेत, करतील आता." साहेबांनी वहिनीकडे पेन धरलं. भरल्या खोलीत ती नाही म्हणणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

वहिनी उठली. तिनं पेन घेतलं. "करते. आधी एक विचारू? ह्या बारीक काळ्या रेघा कशाच्या?"

साहेबांनी चित्राकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "असतील दगडांच्या सावल्या."

"अहवालात तुम्ही निव्वळ चिखल म्हटलंय," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"थोडेफार दगड असतात हो."

"असू देत," वहिनी म्हणाली. "आता हे शेजारचं चित्र बघा. तीच जागा, तोच पट्टा, तीच दिशा, फक्त दुसरी फेरी. मघाच्या जागी एकही रेघ नाही. सगळ्या सरकून इकडं आल्यात. साहेब, तुमचे दगड चालतात का हो?"

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. अध्यक्षबाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि विचारलं, "ही चित्रं कुणी तयार केली?"

चित्रकार उभा राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता. तो भिंतीवरच्या रेघांकडे पाहत होता आणि त्याच्या तोंडावरचं दुःख अस्सल होतं.

"सावल्या राहिल्याच," तो म्हणाला. "मला फक्त ठिपके पुसायला सांगितलं होतं. सावल्यांचं कुणी बोललंच नाही."

खोलीत असा हशा उसळला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. मोठे साहेब बस, बस असं खुणावत होते. पण चित्रकार खाली बसला नाही. "ठिपके मासेच होते, बाई," तो म्हणाला, आणि या वेळी त्यानं चष्मा पुसला नाही.

वहिनी भिंतीपाशी गेली. तिनं एकेका रेघेभोवती गोल काढला, घाई न करता, दोन्ही चित्रांवर. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, "या सावल्या माशांच्या आहेत. मासे मी पाहिले, ते या चित्रातून पुसले गेले." आणि त्याखाली आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.

"पाहिजे होती ना सही?" तिनं साहेबांना पेन परत दिलं. "घ्या."

अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथं सांगितलं, मूळ नोंदी आजच जमा करायच्या आणि समितीचा निर्णय होईपर्यंत डोहात घमेलंभर गाळसुद्धा पडता कामा नये.

साहेबांनी तिला जिन्यात गाठलं. आता त्यांच्या बोलण्यात लोणी नव्हतं. "यंत्र संध्याकाळच्या आत ऑफिसात जमा कर. उद्यापासून तुझं इथं काम नाही, आणि त्या होडीचंही नाही."

"गोड्या पाण्यानं धुऊन आणून देते," वहिनी म्हणाली. "तुम्हाला ते जमायचं नाही."

धक्क्यावर ताई होडीत वाट बघत बसली होती. वहिनी उतरून तिच्या शेजारी बसली. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं मनगटानं पुसलं.

"जावई परत मागितला?" ताईनं विचारलं.

"मागितला. तुमचंही काम गेलं."

"गेलं तर गेलं. नखरे फार होते मेल्याचे." ताईनं दोर सोडला. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "आणि डोह?"

"आहे तिथंच आहे."

"मग रडतेस कशाला? ते पाणी उपस होडीतलं," ताई म्हणाली आणि तिनं इंजिन चालू केलं.