मुकादमाला सांगा

आमच्या कुत्र्याचं नाव मुकादम. हे नाव बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी ठेवलं. फोटोंना फ्रेम करून देण्याचं आमचं दुकान आहे. पुढे दुकान आणि मागे घर. पिल्लू असल्यापासून हा दिवसभर दुकानातल्या टेबलाखाली बसायचा आणि कुणी हातातलं काम टाकून गप्पा मारायला लागलं की उठून भुंकायचा. स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि दुसऱ्याला स्वस्थ बसू द्यायचं नाही, अशा माणसाला दुसरं काय नाव ठेवणार?

मी माणूस म्हणाले खरी, आणि त्याच्या तऱ्हाही माणसाच्याच आहेत. त्याला मी मऊ गादी आणली. तो रोज तिच्यावर चढतो, स्वतःभोवती गोल गोल फिरतो, पायाने ती नीट करतो आणि मग शेजारी फरशीवर झोपतो. बिस्किट दिलं तर लगेच खात नाही. आधी तोंडात धरून घरभर प्रत्येकाला दाखवून येतो, जसं काही आम्हाला जन्मात बिस्किट मिळालेलं नाही. आणि कुणी बॅग भरायला काढली की एक मोजा पळवून आणतो आणि तो तोंडात धरून बॅगेवर पसरतो. एकच मोजा, जोडी त्याला मान्य नाही. त्यामुळे माझा नवरा एका पायात निळा आणि दुसऱ्या पायात करडा मोजा घालून दुकानात उभा असतो, आणि गिऱ्हाइकांना वाटतं, कलाकार आहे, चालायचंच.

हा नवरा आणि हे बाबा. दोघंही तसे गरीब स्वभावाचे, आणि दोघंही एकाच मुशीतले हट्टी.

बाबा लाकडी पट्ट्या हाताने कापायचे. फ्रेमचा कोपरा असा जुळवायचे की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडायचं नाही. नवऱ्याने कोपरे जोडायचं मशीन आणलं. पाय दाबला की काम झालं. बाबांनी त्यालाही हरकत घेतली नाही, उलट दोनदा पाय दाबून बघितला. पण मशीनला जागा लागते. म्हणून नवऱ्याने बाबांचं कामाचं जुनं टेबल भंगारवाल्याला देऊन टाकलं, तेही बाबा डोळे तपासायला गेलेले असताना. विचारलं नाही. "विचारलं असतं तर नाही म्हणाले असते," असं त्याचं म्हणणं. यावर काय बोलायचं, सांगा.

बाबा परत आले. त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं. आदळआपट केली नाही, आवाज चढवला नाही. खुर्ची ओढून बसले आणि खाली बसलेल्या कुत्र्याला म्हणाले, "बघ रे मुकादम, आपलं टेबल गेलं. कुणी विचारलंसुद्धा नाही."

नवरा मशीन पुसत होता. तोही कुत्र्यालाच म्हणाला, "मुकादम, त्यांना सांग, टेबलाचे पाय डगमगत होते."

"याला सांग, पाय माझेही डगमगतात."

त्या दिवसापासून दोघांमधलं सगळं बोलणं मुकादमाच्या मार्फत सुरू झालं. "मुकादम, मोठी काच संपत आली म्हणावं." "मुकादम, त्यांना म्हणावं, उद्या येतेय." "मुकादम, याला विचार, लग्नाचा फोटो घेऊन कुणी आलं होतं का." पहिल्यांदा मला हसू आलं. मग सवय झाली. मग राग यायला लागला, कारण दोघंही माझ्याशी उत्तम बोलायचे आणि माझ्यासमोर एकमेकांशी मात्र कुत्र्यामार्फत. गिऱ्हाइकं आधी चक्रावायची, नंतर तीही मुकादमाकडे बघून बोलायला लागली.

आणि मुकादम हे काम इतकं मन लावून करायचा, की बघत राहावं. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघायचा. मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. एकाचं झालं की वळून दुसऱ्याकडे. बाबांची खात्री होती की तो त्यांच्या बाजूचा आहे. नवऱ्याचीही तीच खात्री होती. आपापली बाजू भक्कम करायला दोघंही बोलताना त्याला हळूच बिस्किट द्यायचे, आणि ते मला दिसत नाही असं दोघांनाही वाटायचं.

याच सुमाराला मुकादम सुधारला होता. पूर्वी मिक्सर सुरू झाला की हा पलंगाखाली जायचा. आता मिक्सरशेजारी खुशाल झोपायला लागला. पूर्वी दाराची बेल वाजली की घर डोक्यावर घ्यायचा, आता ढिम्म. वय झालं की पोच येते, असं बाबा म्हणाले. शिस्त लावली की लागते, असं नवरा मुकादमाला म्हणाला, बाबांना ऐकू जाईल अशा बेताने. हाक मारली तर तो येत नव्हता, पण तो कधीच येत नव्हता. फ्रिज उघडला की मात्र हजर. आम्ही म्हणायचो, लबाड आहे, पाहिजे तेवढंच ऐकतो.

मग एक दिवस बाबा दुकानात आले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "मुकादम, मी येत्या रविवारी ताईकडे राहायला चाललोय. कायमचा."

ताई म्हणजे माझी नणंद. तिला घरात सगळेच ताई म्हणतात, बाबासुद्धा. ती दुसऱ्या गावी असते, घराभोवती बाग आहे, आणि बाबांनी यावं म्हणून ती कधीपासून मागे लागली होती. तिचं काही चुकत नव्हतं.

नवरा काच कापत होता. त्याने मान वर केली नाही. "मुकादम, त्यांना म्हणावं, जशी त्यांची मर्जी."

दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटलं. मला बाबा घरात हवे होते. लग्न होऊन आले तेव्हापासून संध्याकाळचा चहा आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसून घेतो. माझ्या नोकरीतल्या कटकटी, माझ्या आईची दुखणी, सगळं मी त्यांना सांगते. ते उपाय सुचवत नाहीत, नुसतं ऐकतात. असं ऐकणारं माणूस घरातून जाऊ द्यायचं, ते काय टेबलापायी?

नवऱ्यालाही ते हवे होते, हे मला दिसत होतं. त्या आठवड्यात त्याने एकाच फोटोची काच पुन्हा पुन्हा चुकीची कापली. बाबांच्या खोलीच्या दारापर्यंत जायचा, काहीतरी शोधल्यासारखं करायचा आणि परत यायचा. शेवटी मीच विषय काढला.

"अरे, थांबा म्हणून सरळ सांग ना त्यांना."

"सांगितलंय."

"कधी?"

"परवा. बाबा अंघोळीला गेले होते तेव्हा. तुम्ही गेलात तर मला दुकानात करमणार नाही, असं म्हटलं."

"कुणाला म्हटलंस?"

त्याने खाली मुकादमाकडे बघितलं. मुकादमाने शेपटी हलवली.

शुक्रवारी दुकानासमोर एक टेम्पो मागे येत होता. मुकादम रस्त्याच्या मधोमध बसून कान खाजवत होता. टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, आजूबाजूची माणसं ओरडत होती, आणि याचं कान खाजवणं चालूच. शेवटी टेम्पोवाला उतरून आला आणि म्हणाला, "कुत्रं बहिरं आहे का तुमचं?" तो रागाने बोलला होता, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी त्याला ओढून घरात आणलं, स्वयंपाकघरातून दोन झाकणं घेतली आणि मुकादमाच्या पाठीमागे उभी राहून आपटली. बाहेरून बाबा धावत आले, दुकानातून नवरा धावत आला. मुकादम भिंतीवरची माशी बघत होता.

शनिवारी आम्ही तिघंही त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. एकट्याने नेऊन आणायला कुणी कबूल होईना. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने त्याचे कान तपासले, मग त्याच्या मागे जाऊन स्टीलचा ट्रे जमिनीवर टाकला. मी दचकले, बाबा दचकले, बाहेरच्या बाकावर कुणाच्या तरी पिशवीतलं मांजर किंचाळलं. मुकादम टेबलाचा पाय हुंगत राहिला.

"याला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "वयामुळे होतं असं. बरेच महिने झाले असणार. हाक मारल्यावर येत नाही हे लक्षात नाही आलं तुमच्या?"

"तो आधीही यायचा नाही," नवरा म्हणाला.

"पण आमचं सगळं बोलणं ऐकायचा तो," बाबा म्हणाले. "अगदी मान हलवून."

"कुत्री तोंडाकडे बघून अंदाज घेतात. बोलताना तुमच्या हातात खायचं काही असायचं का?"

मी छताकडे बघत बसले. मग तिने समजावून सांगितलं, की बोलवायचं असेल तर जमिनीवर पाय आपटा, हाताने खूण करा, मागून एकदम हात लावू नका. बाकी कुत्रा ठणठणीत आहे. तिने त्याला थोपटलं आणि तो तिच्या तोंडाकडे एकटक बघत राहिला, मान एका बाजूला करून. तेव्हा मात्र मला भरून आलं. बिचाऱ्याने इतके महिने आमच्यासाठी काय काय केलं होतं, आणि एक शब्दही त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

घरी आल्यावर सगळं अवघड होऊन बसलं. बाबांनी सवयीने "मुकादम," म्हणून सुरुवात केली आणि तोंड मिटलं. नवऱ्याचंही तेच झालं. मोजमाप विचारायचं होतं, ते राहिलं. पट्टी चुकीची कापली गेली. शेवटी दोघांचीही नजर माझ्याकडे वळली.

"सूनबाई, याला जरा सांग..." बाबा म्हणाले.

"अगं, त्यांना विचार ना..." नवरा म्हणाला.

"मुकादमाची जागा रिकामी झाली म्हणून मी त्या जागेवर लागणार नाही," मी म्हटलं. "मला बिस्किटंही नकोत." आणि आत जाऊन भाजी निवडायला बसले. बोलले ते बरं केलं असं वाटलं.

रविवार उजाडला. बाबांची बॅग भरून दारात ठेवलेली होती. ताई गाडी घेऊन निघाल्याचा फोन येऊन गेला होता. मुकादमाने नवऱ्याचा करडा मोजा शोधून आणला आणि बॅगेवर पसरला. बाबा चपला घालून खुर्चीत बसले होते. मी भिंतीला टेकून उभी होते. मी ठरवलं होतं की एक अक्षर बोलायचं नाही.

नवरा दुकानातून आला. तो बॅगेपाशी उकिडवा बसला आणि मुकादमाच्या डोक्यावर हात ठेवला.

"मुकादम," तो म्हणाला, "बाबांना म्हणावं, जाऊ नका."

"त्याला ऐकू येत नाही," बाबा म्हणाले.

"हो." नवऱ्याने मान वर केली. "पण तुम्हाला येतं ना?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी मुलाकडे बघितलं. कुत्र्याकडे नाही, मुलाकडे.

"टेबल विचारून द्यायचं होतंस."

"चुकलं माझं."

"विचारलं असतंस तर मी दे म्हणालो असतो."

"खरंच?"

बाबांनी विचार केला. "नसतो म्हणालो. पण विचारायचं होतंस."

"हो, बाबा."

मी भाजीचा बहाणा करून आत गेले आणि पदराने डोळे पुसले. मग बाहेर बाबांनी चपला काढल्याचा आवाज आला.

ताई आली ती घाईतच. "झालं का, बाबा? निघायचं ना? ऊन वाढायच्या आत पोचू."

"आज नाही जमायचं," बाबा म्हणाले. "मुकादम बॅगेवरून उठत नाहीये."

"मग उठवा की त्याला." ती वाकली. "ए मुकादम. ऊठ. मुकादम, ऊठ रे."

"त्याला ऐकू येत नाही," बाबा आणि माझा नवरा एकदमच म्हणाले.

ताईने एकदा या तोंडाकडे पाहिलं, एकदा त्या तोंडाकडे. मग खांद्यावरची पर्स काढून खुर्चीवर ठेवली आणि मला म्हणाली, "चहा टाक ग. माझ्यात साखर कमी."