सरळ सूर

मित्रांनो, गावभर ऐकू जाईल असा आवाज असणाऱ्याने स्वतःला लाजाळू म्हणावे, हे तुम्हाला पटायचे नाही. पण मी लाजाळूच आहे. मी वरणगावचा एक जुना हातभोंगा. पोट लोखंडी, रंग कधीकाळी लाल, बाजूला एक दांडा. तो फिरवला की माझ्या पोटातले पाते गरगरते आणि मी ओरडतो.

एका ओतशाळेत मी जन्मलो आणि युद्धाच्या दिवसांत या गावी आलो. तेव्हा माझा केवढा मान होता! युद्ध संपले आणि माझी रवानगी वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाली. तिथे जुन्या पुस्तकांच्या शेजारी माझी वर्षे गेली. पुस्तकांजवळ किती शब्द! मला मात्र दोनच गोष्टी सांगता येतात. सूर वरखाली झाला, तर 'धोका आहे, लपा.' सूर सरळ लांब लागला, तर 'धोका टळला, बाहेर या.' एवढे तुटपुंजे बोलणे कोण ऐकणार, असे मला सारखे वाटे.

आणि परवाच्या मे महिन्यात खोलीचे दार धाडकन उघडले! सीमेवर तणाव होता. हल्ल्याचा इशारा कसा ओळखायचा, याचा सराव गावोगाव होणार होता. कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे शिरपूरकडचे सुकदेव आबा आत आले. त्यांनी माझ्यावरची धूळ फुंकली, तेल घातले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "चाल रे भाऊ, तुनं काम निंघनं!"

माझ्या पात्यात नुसती शिरशिरी उठली. सरावाच्या दिवशी वाचनालयाच्या गच्चीवरून मी असा ओरडलो की कबुतरे उडाली, दुकानांची शटरे खाली आली, रस्ते ओस पडले. शेवटी आबांनी दांडा एका गतीने फिरवून सरळ सूर लावला. धोका टळला!

पण इथेच घोटाळा झाला. वरणगावचे लोक पिढ्यान् पिढ्या कारखान्याच्या भोंग्यावर जगतात. कामगारांची पाळी सुटली की कारखान्याचाही असाच सरळ भोंगा होतो, आणि नेमकी तीच वेळ होती. समोरच्या ओसरीवरून कुंदाबाई ओरडल्या, "पाळी सुटली गं बाई, चहा ठेवते!" माझा सूर कोणी ओळखलाच नाही. मोठी माणसे कंटाळून हळूहळू बाहेर आली. मुलांना मात्र 'संपले' असे कोणी सांगितलेच नाही.

गाद्या भरणारे मुख्तारभाई माझ्या गच्चीसमोरच राहतात. त्यांची मुलगी निलोफर त्या दिवशी दाराजवळच्या गाद्यांच्या थप्पीमागे शिरली आणि मग रोजच शिरू लागली. कुकरची शिट्टी झाली, शिरली. भुसावळकडून गाडी ओरडली, शिरली. जूनमध्ये शाळा उघडली, तरी ती उंबरठा ओलांडेना. मला गच्चीवरून सगळे दिसे. वाटे, पुन्हा त्या खोलीत जाऊन पडावे.

एका दुपारी आबा थप्पीपाशी येऊन बसले आणि सगळ्या गाद्या तिच्याच का, अशी थट्टा करू लागले.

"काय व निलू, बठ्ठ्या गाद्या तुन्याच शेतस का?"

आतून बारीक आवाज आला, "आबा, तो भोंगा अजून संपला नाही."

"शंभरदा सांगितलं हिला, काही झालं नाही म्हणून!" जमीला, तिची आई, वैतागली.

"मग अब्बू रात्रंदिवस टीव्ही का बघतात? दाराला दोन कड्या का लावतात?"

मुख्तारभाईंनी सुई गादीत खोचली. मग त्यांनी टीव्ही बंद केला. "खरं सांगू बेटा? मी पण घाबरलो होतो. तुला कळू नये म्हणून 'काही नाही' म्हणत होतो."

निलोफरने प्रथमच डोके बाहेर काढले. "तुम्ही पण?"

आबांनी कपाळावर हात मारला. "अरे, पोरीनं संपल्याचा भोंगा ओळखलाच नाही!"

त्यांनी नगरपालिकेची परवानगी घेतली, आज धोका टळल्याचा भोंगा होणार असे घरोघर सांगितले आणि मला उचलून गल्लीत आणले. निलोफर उंबरठ्यात थबकली.

"तूच वाजव," आबा म्हणाले. "पण सूर वाकडा नको."

ती आली. तिने दांडा धरला, फिरवला. माझ्या घशातून आधी घरघर निघाली. ती दचकली आणि थांबली. मी लगेच गप्प झालो! तिने माझ्याकडे टक लावून पाहिले. पुन्हा फिरवले. सूर चढला, चढला... हात दमला आणि सूर खाली घसरू लागला. मुख्तारभाई पुढे झाले.

"मीच वाजवणार!" ती ओरडली. दोन्ही हातांनी दांडा धरून, ओठ चावत तिने माझा सूर पुन्हा वर नेला. आणि तो लागला. सरळ, लांब, गच्चीगच्चीवरून सातपुड्याकडे निघालेला!

"संपलं!" निलोफर किंचाळली. गल्लीतली पोरे दारादारांतून बाहेर उड्या मारत आली.

"आता तरी चहा ठेवू का गं?" कुंदाबाईंनी विचारले, आणि सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाली, तेव्हा माझ्यासमोरून एक दप्तर धावत गेले.

मित्रांनो, इशारा द्यावाच लागतो. ते माझे काम आहे. पण तो संपल्यावर मुलांपाशी बसा, आपली भीती खरी सांगा, आणि धोका टळल्याचेही सांगा. माझा दुसरा सूर कुणाच्याही घराबाहेर अडकून राहू देऊ नका.