पदूच्या नावाची पेटी

बदलापूर गावात माझ्या घरी दुबईहून पत्रं यायची, आणि पाठवणाऱ्याच्या जागी नाव असायचं माझंच. पोस्टमन जनू दात काढायचा, "काय पदू, स्वतःच स्वतःला लिहितोस होय?" मी हसण्यावारी न्यायचो. नाव माझं, अक्षर मात्र सखाचं. सखा माझा चुलतभाऊ.

झालं असं, की पंच्याऐंशी साली व्हिसा मला आला होता. ऐन वेळी माझी तंतरली. मी अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी धरली आणि सखा माझ्या पासपोर्टवर आपला फोटो चिकटवून उडाला. एजंट म्हणाला, "टेन्शन मत लो, सब चलता है." अकरा वर्षं चाललंही. सखा तिथे पदू म्हणून राबला, पदू म्हणून आजारी पडला.

शहाण्णव साली तिकडच्या सरकारने नियम बदलले. ज्यांचे कागद खोटे, त्यांनी ऑक्टोबरअखेरपर्यंत बिनबोभाट आपल्या देशी जावं. त्यानंतर सापडला तो तुरुंगात. सखाचं पत्र आलं: "मी सखाच आहे असा पुरावा वकिलातीत द्यायचाय. माझं रेशनकार्ड आणि तुझं प्रतिज्ञापत्र पाठव. लवकर कर, पदू. मला घरी यायचंय रे."

त्याच्या आईने, विठाकाकीने, त्याच दिवशी रेशनकार्ड आणून माझ्या हातात ठेवलं. प्रतिज्ञापत्रात मला लिहून द्यायचं होतं, की पासपोर्ट माझा आणि मीच तो दुसऱ्याला दिला. माझी बायको राही कडाडली, "म्हणजे पोलिसांना आवतणच की! नोकरी गेली तर पोरांना काय धोंडे खायला घालू?" मी काय, निमित्तच शोधत होतो. उल्हासनगरच्या कोर्टापाशी तीनदा गेलो. तिन्ही वेळा बाहेर दालपकवान खाल्लं आणि परत आलो. सांगायला लाज वाटते, पण चवीनं खाल्लं.

काकी रोज विचारायची, "कागुद धाडलास का रं?"

"धाडला, काकी."

रेशनकार्ड माझ्या ट्रंकेत पडलं होतं.

नोव्हेंबरात पत्रं बंद झाली. कारखान्यात हजेरीला पदू असा पुकारा झाला, की मी तोंड उघडायच्या आधीच मागून कोणीतरी "हजर" म्हणायचं. वळून बघावं तर कोणी नाही. आवाज सखाचा. मी राहीला सांगितलं, तर ती म्हणाली, "कान साफ करून घे." पण एरवी नावाने हाक मारणारी तीही त्या दिवसापासून मला नुसतं "अहो" म्हणायची.

डिसेंबरात तार आली. धाडीत पळताना तिसऱ्या मजल्यावरून पडून पदू मेला.

विमानतळावर लाकडी पेटी उतरली, तिच्यावर माझं नाव. साहेबाने विचारलं, "मयताचे तुम्ही कोण?" मी पदू म्हणालो असतो, तर पेटीत कोण हे सांगावं लागलं असतं. निघताना ट्रंकेतून उचललेलं सखाचं रेशनकार्ड मी खिशातून काढून पुढे केलं. "मी सखा. चुलतभाऊ." तशीच सही ठोकली. काकी शेजारी उभी होती. तिला वाचता येत नाही, पण कार्डावरचा हळदीचा डाग तिच्याच हातचा. तिने डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर ढिम्म बसून, एकही खाली येईना. "काकीला सांभाळीन," मी म्हणालो. नाही. "तुझं अर्धवट राहिलेलं घर पुरं करीन." नाही. उन्हं चढली. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. काय बोलायला हवं ते मला पक्कं ठाऊक होतं, पण चारचौघांत जीभ रेटेना.

तेवढ्यात काकी पुढे झाली. "सखा, बाळा, म्या तुजा कागुद येळेवर दिला व्हता रं."

कावळा झपकन उतरला आणि पिंडाला शिवला. लोक हळहळले, "सुटला बिचारा." काकीने माझा दंड घट्ट धरला.

"चल घरी, सखा," ती मला म्हणाली. "तिथं सही केलीस ना? आता मरेस्तोवर मी हाक मारीन, आन् तू ओ द्यायचीस."