पाठीला चिमटे लावलेला कोट

मी एक जुना काळा कोट आहे, मित्रांनो. पेणच्या बाजारपेठेत दिनानाथभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या खुंटीवर माझं आयुष्य गेलं. या भागातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर मी आहे. पण माझी पाठ मात्र आजवर एकाही फोटोत आलेली नाही. आणि ते बरंच झालं! का, ते सांगतो.

माझा जन्म रोह्याचा. काळुराम शिंप्याने मला पोपटशेठ नावाच्या नवरदेवासाठी शिवलं. पोपटशेठ आधीच अंगाने भरलेला, त्यात माप दिल्यापासून लग्नापर्यंत केळवणं झोडत गावभर फिरला. लग्नाच्या आदल्या दिवशी मला घालायला गेला, तर बटणाची आणि काजाची भेटच होईना. काळुराम कपाळावर हात मारून म्हणाला, "शेठ, मी कोट शिवला होता, तंबू नाही!" झालं! नव्याकोऱ्या कोटाला बोहल्यावर चढण्याआधीच नकार. फार वाईट वाटलं मला. पुढे फ्रेमसाठी लाकूड घ्यायला दिनानाथभाऊ रोह्याला आले, त्यांनी मला लोंबताना पाहिलं आणि पेणला आणलं. आज वाटतं, त्या केळवणांचे माझ्यावर केवढे उपकार आहेत! एकट्या पोपटशेठचा झालो असतो, तर लग्नानंतर पेटीत पडून मला कसर लागली असती. इथे मी सगळ्यांचा झालो.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा पंधरा-वीस वर्षं झाली असतील. लोक फोटो काढायला जन्मात एकदा-दोनदा येत. गडबचे भातशेती करणारे येत, खाडीकाठचे मिठागरांवर राबणारे येत. कोट कोणाकडे असणार? भाऊ मला खुंटीवरून काढून त्यांच्या अंगावर चढवत. मी पोपटशेठच्या मापाचा, तेव्हा बहुतेकांना ढगळच. मग भाऊ माझ्या पाठीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावून मला आवळत. समोरून बघावं तर साहेब, मागून बघावं तर दोरीवरचं धुणं! खाली धोतर असो नाहीतर कमरेला नुसता रुमाल, फोटो छातीपर्यंतच यायचा.

मग भाऊ कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात डोकं घालून ओरडत, "डोळे मोठे करा! हलू नका!" फोटो निघाला की त्यांचं खरं काम सुरू होई. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवायच्या, छापलेल्या फोटोवर कुंचल्याने चेहरा उजळ करायचा, भुवया कोरायच्या. मग वर काच, मागे पुठ्ठा, भोवती चौकट. आलेल्या माणसाला देखणं करून घरी पाठवणं हा भाऊंचा धर्मच होता. लोकही फोटो हातात घेऊन म्हणत, "ह्यो मीच काय?" आणि खूश होऊन जात.

एका वर्षी लग्नसराईत हौसाबाई आली. वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, खारात, तिचं घर, मिठागरावर मीठ ओढण्यात तिचा जन्म गेलेला. बरोबर तिचा मुलगा जनू होता. त्याची हळद अगदी तोंडावर आली होती. पण त्याचा बाप शिवा पावसाळ्यात तापाने गेला होता.

"भाऊ, मना त्याचा फोटो पायजे," हौसाबाई म्हणाली. "पोराची हलद हाय. मांडवात बापाचा पाट रिकामा ठेवू काय?"

"फोटो आहे का एखादा जुना? त्यावरून मोठा करून देतो."

"नाय. दर जत्रंला बोलायचा, फुडच्या साली काढू. फुडची सालं संपली त्याची."

भाऊंनी डोकं खाजवलं. नसलेल्या फोटोवरून फोटो कसा काढणार? तेव्हा हौसाबाईनेच जनूला पुढे ढकललं. "ह्यो बापाच्याच तोंडवल्याचा हाय. ह्याला बसवा नि म्हातारा करा."

भाऊ दचकले. "अहो बाई, जिवंत पोराचा फोटो, आणि त्याला तुम्ही हार घालणार? अपशकुन होईल."

"हार कोन घालतो? बाप हलदीला येनार, तो काय मेलेला येनार?"

भाऊ मला काढायला उठले आणि पुन्हा थबकले. "कोट घालत होते का ते?"

"जल्मात नाय घातला. आता तरी घालू दे की त्याला!"

मित्रांनो, मी तेव्हा अगदी ताठ झालो. किती जणांनी मला हौसेने घातलं होतं, पण घालणारा हयात नसताना बोलावणं आलं, ते पहिल्यांदाच. भाऊंनी जनूच्या केसांना पावडर चोळली. फोटो काढला, छापला, कुंचल्याने मिशी पिकवली, हौसाबाईने सांगितला तसा गालावर शिवाचा तीळ ठेवला. सवयीने चेहरा उजळला, डोळे टपोरे केले. काय रुबाबदार म्हातारा दिसत होता! भाऊ माझ्याकडे बघून हसले, मीही मनात हसलो.

हौसाबाईने फोटो हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. मग परत दिला.

"मानूस चांगला हाय," ती म्हणाली. "पन माजा नाय."

जनूचं तोंड उतरलं. भाऊंचं तर त्याहून जास्त. तीळ चुकला का? मिशी? केस? हौसाबाई नुसती मान हलवत होती. तिलाही सांगता येईना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माजाच नवरा, नि मनाच त्याचं त्वांड सांगता येत नाय गो बाय!" असं म्हणून ती मटकन खाली बसली. मला फार कळवळा आला. हळदीला बापाचा पाट रिकामा राहणार, असंच वाटायला लागलं.

इतक्यात जनू हवा खायला दारात जाऊन उभा राहिला. बाहेर भर दुपारचं ऊन रणरणत होतं. त्याने डोळे किलकिले केले आणि वळून म्हणाला, "आये, चल." हौसाबाईने वर बघितलं आणि ताडकन उठली.

"डोले! भाऊ, डोले! आमी मिठावर काम करतो. ऊन मिठावर पडतं नि उलटं डोल्यात येतं. त्याचे डोले उगडे मी कदी बगितलेच नाय. नि तुमी बैलावानी मोठे केलेत!"

भाऊंनी जनूला पुन्हा खुर्चीत बसवून डोळे बारीक करायला सांगितलं, तर तो कच्ची चिंच खाल्ल्यासारखा दिसायला लागला. "असं नाय व्हायचं," हौसाबाई म्हणाली. मग भाऊंनी खुर्ची गच्चीवर नेली, कॅमेरा नेला, मला नेलं. हौसाबाईने स्टुडिओतली पांढरी चादर जनूच्या पायांशी पसरली. ऊन चादरीवर पडलं आणि उलटं त्याच्या तोंडावर आलं. इतकी वर्षं मी अंधाऱ्या खोलीत काढली होती. पाठीला चिमटे लावून का होईना, त्या दिवशी मला पहिल्यांदा पोटभर ऊन मिळालं. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा "डोळे मोठे करा" म्हणाले नाहीत.

या वेळी त्यांनी चेहरा उजळला नाही. उन्हाने रापलेला रंग तसाच ठेवला, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या पुसण्याऐवजी आणखी खोल केल्या. फोटो चौकटीत बसवला आणि हौसाबाईपुढे धरला. तिने पदर कपाळावर पुढे ओढला आणि तोंड फिरवून उभी राहिली. नवऱ्यासमोर उभी राहायची, तशी. भाऊंनी हळूच डोळे पुसले.

हळदीनंतर जनू मुद्दाम सांगायला आला. फोटो पाटावर मांडला होता. आयेने आधी बाबाच्या कपाळाला हळद लावली, मग त्याच्या. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, "शिवा आला रं!" त्यांच्यापैकी कोणीच विचारलं नाही की शिवाने कोट कधी घेतला.

पुढे दिवस बदलले. रंगीत फोटो आले, मग कंप्युटर आला. भाऊ गेले. त्यांच्या फोटोतही अंगावर मीच आहे. स्टुडिओ त्यांची मुलगी मालू बघू लागली. आता कोटसुद्धा कंप्युटरमध्येच असतात, माणूस शर्टवर बसतो आणि फोटोत त्याला निळा, काळा, हवा तो कोट चढतो. मी डांबरगोळ्यांबरोबर ट्रंकेत गेलो. मालूवर माझा राग नाही. पण वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? बाहीला कसर लागली तीही त्याच वर्षांत.

आणि एका पावसाळ्यानंतर ओळखीचा आवाज ऐकू आला. "मालू, तो काला कोट हाय काय गो?"

जनू आला होता. केस पिकलेले, मिशी पिकलेली. उधाणाने बांध फुटून खारं पाणी घरात शिरलं होतं. त्याने चौकट वाचवली होती, पण आतला चेहरा पार विरघळून गेला होता. माझं एक काळं कोपर तेवढं शिल्लक होतं. "आये रोज भिंतीकडं बगते नि गप बसते," तो म्हणाला. "मना तसाच बसव."

मालूने मला ट्रंकेतून काढून झटकलं. वापरात नसलेले चिमटे शोधले. गच्चीवर खुर्ची ठेवली, पांढरी चादर पसरली. जनूने उन्हात डोळे किलकिले केले. या वेळी ना पावडर लागली, ना कुंचला. वयाने सगळं काम करून ठेवलं होतं.

हौसाबाईला आधार देऊन आणलं होतं, ती खाली बाकावर बसली होती. मालूने फोटो जुन्याच चौकटीत नव्या काचेखाली बसवला आणि तिच्या हातात दिला. सगळे तिच्या पदराकडे बघत राहिले. पदर हलला नाही.

"ह्यो शिवा नाय," ती म्हणाली.

माझ्या अस्तरात धस्स झालं. मालू म्हणाली, "आजी, डोळे तर तसेच आहेत ना?"

"डोले बापाचेच हायेत. पन ह्यो माजा जनू हाय. आयेला पोर वलखत नाय काय?" आणि तिने फोटोवरून हात ओवाळून दोन्ही कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "तवा हलदीसाठी लेकाचा बाप केला मी. जल्मभर मनात भ्या होतं. म्हनून कोनाला हार घालू दिला नाय. आता ह्यो लाव जनू, तुजा म्हनून लाव. बाप बी त्यातच हाय."

जनू, एवढा पिकला माणूस, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या अंगावरच होतो.

मित्रांनो, आपल्या माणसांचे फोटो ती असतानाच काढा, पुढच्या सालावर ढकलू नका. त्यांचे डोळे बारीक असतील तर बारीकच राहू द्या. आणि घरात माझ्यासारखा जुना कोट असेल, तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा. मालूने मला आता पुन्हा खुंटीवर टांगलं आहे, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

त्या दिवशी निघताना हौसाबाईने एकेक चिमटा काढला आणि पाठीवरून हात फिरवला. ती जनूची पाठ थोपटत होती की माझी, मला कळलं नाही. मी मात्र ती माझीच धरून चाललो आहे.