पांगाऱ्याचा फळा

मी एक जुना फळा आहे. सोनाळ्याच्या मुलींच्या शाळेत भिंतीला खिळलेला. पण मित्रांनो, मला लाटांसाठी घडवलं होतं.

चांगुणाबाई या शाळेत विज्ञान शिकवते. मुंबईला शिकत असताना कोळ्यांची पोरं होडीच्या तुटक्या फळ्यांवर पालथी पडून लाटेसरशी किनाऱ्याला येताना तिने पाहिली. एकदा स्वतःही करून पाहिलं. तो नाद सुटला नाही. सोनाळ्याहून समुद्र तीनशे मैल दूर. महाराष्ट्र राज्य होऊन दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हा तिने बाभूळ, साग आणि पांगाऱ्याचे सारखे तुकडे बादलीत टाकले. सर्वांत हलका पांगारा सर्वांत वर तरंगला.

रहेमतुल्ला सुतार हसला. "बाई, पांगाऱ्याले कोनी रंधा लावते का? चुलीतबी धड जयत नाई तो!"

"चुलीत जायाचा नाई, चाचा. तरंगवाचा हाये."

त्याने माझं एक टोक गोल केलं. बाईने बॅटरीच्या सेलमधली काळी भुकटी जवसाच्या तेलात खलून मला फासली. शेगाव स्टेशनावर कोणी विचारलं, की ती सांगायची, "शाळेचा फळा हाये. शिबिराले चालली."

चार वर्षं आम्ही लाटा शोधत फिरलो. उन्हाळ्यात रत्नागिरीकडे, एका दिवाळीत थेट जगन्नाथपुरीला. जुन्या लुगड्याचा काचा मारून ती माझ्यावर पालथी पडायची. लाट मागून उचलायची, तेव्हा तिच्या छातीचे ठोके मला लागत. संध्याकाळी ती वहीत लाटांमधलं अंतर लिहून ठेवी.

पाचव्या वर्षी तिच्या भावाने, किसनरावांनी, मला गुंडाळलेली सतरंजी सोडली. सारवलेल्या अंगणात वाळू सांडली.

"शिबिरात रेती काऊन?"

तिने सगळं खरं सांगितलं.

"बाईमाणूस पान्यात पालथं पडते, हे गावाले सांगू? तू फळा म्हनली ना? मंग फळाच होईल हा. उद्या शाळेले देतो."

चार वर्षं तिनेच गावाला तसं सांगितलं होतं. आता नाही कसं म्हणणार?

रहेमतुल्ला करवत घेऊन आला. "बाई, हे गोल टोक भिंतीले बसत नाई. कापू?"

"कापा, चाचा."

कापताना त्याने मान वर केली नाही. वहिनींनी ते टोक चुलीत घातलं. ते जळलं नाही, नुसतं धुमसत राहिलं.

शाळेत माझं स्वागत झालं. किसनरावांना हार घातला.

परवा बाईने माझ्यावर लाट काढली. उंचवटा, खोलगट भाग, दोन उंचवट्यांमधलं अंतर. एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पाह्यला का समुद्र?"

"नाई," बाई म्हणाली. "पुस्तकात हाये." आणि तिने लाट पुसली.

मित्रांनो, वस्तू जपा, असं माझ्यासारखे सगळेच जुने सांगतात. मला तर जपलंय. दर जूनला नवा काळा रंग, रोज ओलं फडकं. तुम्ही वस्तूचं सोडा. ती घेऊन तिचं माणूस कुठे निघालं होतं, तेवढं आधी विचारा.