नुबेतवाल्यांची टोळी

नुबेत, त्याची बायको, वारून दोन महिने झाले, तरी इन्काफ सकाळी तिच्या वाटचा पाव बाजूला काढून ठेवायचा आणि दुपारी स्वतःच खायचा. राजाच्या पिरॅमिडवर त्याचं काम पाणी ओतायचं. चिरा लादलेली घसरगाडी टोळी दोराने ओढायची आणि हा पुढे वाकून चालत वाळू भिजवायचा. पाणी कमी पडलं तर गाडी रुतायची, जास्त पडलं तर माणसं घसरायची. नुबेत छावणीच्या भट्टीवर पाव भाजायची. ती तापाने गेली. टेकडीवर वाळूत खड्डा केला आणि चटईत गुंडाळून तिला ठेवलं. वर दगड नव्हता, त्यामुळे नावही नव्हतं.

तेच त्याला खात होतं. ज्याचं नाव कोणी घेत नाही तो मेलेला माणूस पलीकडेही संपतो, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं. नुबेतचं नाव घेणारा इन्काफ एकटा. मूलबाळ नाही, आणि त्याचे स्वतःचे दात पडायला लागले होते.

शेवटी तो वेहेम्काकडे गेला. प्रत्येक चिऱ्यावर तो ओढणाऱ्या टोळीचं नाव गेरूने लिहायचं काम वेहेम्काचं. इन्काफच्या टोळीचं नाव ‘राजाचे बेवडे’. ते टोळीनेच ठेवलं होतं आणि राजाने हरकत घेतली नव्हती.

“एका चिऱ्यावर हिचं नाव टाक,” इन्काफ म्हणाला. “आत जाणारा चिरा आहे. कोण बघतंय?”

“दादा, मोजणारे बघतात. चिऱ्यावर टोळीचं नाव लागतं. बाईचं कसं चालेल?”

“तिच्या हातचा पाव चार वर्षं खाल्लास.”

“करपलेला.”

“खाल्लास ना?”

वेहेम्काने इकडेतिकडे पाहिलं, कुंचला बुडवला आणि लिहिलं, ‘नुबेतवाले’.

“आता टोळीसारखं दिसतंय. पळ.”

बेवड्यांनी चिरा वर ओढला. तो बसला, त्यावर दुसरे थर आले. इन्काफला त्या दिवशी भूक लागली.

मोजणाऱ्यांनी चिऱ्यावरचं नाव यादीत चढवलं होतं, म्हणून पाचव्या दिवशी छावणीत नुबेतवाल्यांच्या नावाने वीस माणसांचे पाव आणि बिअरचे रांजण आले.

“हे नुबेतवाले कोण रे?” बेवड्यांचा मुकादम सब्नी याने विचारलं.

“आहेत की,” बेवडे म्हणाले आणि रांजण संपवले.

पण जी टोळी कुणी पाहिलीच नाही तिने चिरा चढवला कसा? दक्षिणेकडून नवीन आलेल्या मजुरांनी उत्तर शोधून काढलं. नुबेतवाले चिऱ्याखाली मंत्र लिहिलेला पपायरस सारतात, वर काठीने ठोकतात, की चिरा उडतो, एका दमात बाण जाईल तितका लांब. काही म्हणाले, छे, ते बारा हात उंच आहेत आणि ताऱ्यावरून उतरतात. हद्द म्हणजे, तोच चिरा ओढलेला एक लंगडा बेवडा खांद्यावरचे वळ दाखवत सांगायला लागला, “मी ओढत होतो, नाही कोण म्हणतंय? पण दोर सैल होता. चिरा आपला आपणच चालला होता.”

“आपला आपण? पाणी ओतून माझी कंबर गेली!” इन्काफ म्हणाला.

“तुला कसं दिसणार? तू वाकलेला असतोस.”

बातमी वर पोचली आणि तपासनीस हेसी स्वतः आला.

“नुबेतवाल्यांना बोलवा,” तो म्हणाला. “चिरे उडवणारी माणसं असताना बाकीच्यांना पोसायचं कशाला?”

बेवड्यांचे चेहरे उतरले.

“साहेब, अशी टोळीच नाही,” सब्नी म्हणाला.

“मग नाव खोटं. छिन्नीने काढा.”

“वर दोन थर आलेत, साहेब.”

“थर काढा.”

इन्काफ पुढे झाला. “साहेब, नाव खोटं नाही. नुबेत माझी बायको. ती वारली.”

“वाईट झालं,” हेसी म्हणाला. “म्हणजे टोळीचा मुकादम मेलाय. बाकीचे कुठे आहेत?”

“बाकीचे नाहीत.”

“वीसच्या वीस पळाले?”

“नव्हतेच, साहेब.”

“नसलेली माणसं बिअर पितात?”

मग हेसी विचारात पडला. थर उतरवले, तर का उतरवले हे राजाला सांगायला त्यालाच जावं लागणार होतं.

“राजाच्या चिऱ्यावर लिहिलंय, म्हणजे टोळी आहे,” तो म्हणाला. “सावली पायाखाली यायच्या आत वीस माणसं उभी करा. एक जरी कमी पडला तरी छिन्नी.”

इन्काफ मोकळ्या जागेत एकटाच जाऊन उभा राहिला. मग तो लंगडा आला. “मला ती पावाचा कडेचा तुकडा द्यायची,” म्हणाला. मग वेहेम्का आला. मग सब्नीने आपल्या टोळीतले म्हातारे आणि तोंडाळ खुशीने सोडले. काही नुबेतसाठी आले, काही बिअरसाठी, दोघे तर चुकून. वीस भरले. हेसीने मोजले आणि इन्काफला मुकादम करून तो निघून गेला.

नुबेतवाले ही सगळ्यांत मंद टोळी ठरली. नवीन मजूर त्यांच्याकडे बघून मान हलवायचे. “हे खरे नुबेतवाले नव्हेत. खरे उडवतात.” चढणीवर त्यांच्या मागे चार-चार टोळ्या तुंबायच्या.

“ए नुबेतवाल्यांनो, जिवंत आहात का? हला की!”

“नुबेतवाल्यांनी ओढायला घेतला की राजा मरेपर्यंत चिरा पोचत नाही!”

पहिल्या दिवशी इन्काफ दगड उचलून धावला. माझ्या बायकोच्या नावाने शिव्या? दुसऱ्या दिवशी त्याने नीट ऐकलं. ऐंशी माणसं तिचं नाव घेत होती. भट्टीपुढच्या रांगेतूनही लोक तिच्यावर असेच खेकसायचे, आणि ती दुप्पट खेकसायची.

तिसऱ्या दिवशी चढण थोडीच उरली होती. माणसं दमलेली नव्हती. इन्काफने हात वर केला.

“थांबा. जरा दम खाऊ.”

“आत्ताच तर खाल्ला,” लंगडा म्हणाला.

“अजून खाऊ.”

मागच्या टोळीने नाव घेऊन शिवी हासडली. मग तिच्या मागच्या टोळीने. इन्काफ चिऱ्याला पाठ टेकून बसला.