शेवटच्या पानावरची गाडी

माझा भाऊ मल्लिनाथ दुकानाचा माल आणायला बार्शीला गेला, आणि गूळ-खोबऱ्याबरोबर एक पुस्तक घेऊन आला. त्यातलं एक अक्षर घरात कुणाला कळत नव्हतं.

"अक्का, लिवलेलं कशाला बगतीस? गाड्या बग की!" तो म्हणाला.

हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या भावाच्या हौसेला अक्कलही नव्हती. पण खोटं कशाला बोलू, पुस्तक उघडलं तशी दारातलं गिऱ्हाईक मीही विसरले. आगगाडी, मोटार, बग्गी, धूर सोडणारं जहाज! पानागणिक एक वाहन, आणि सगळी रंगीत. आमच्या सिरसाळ्यात तेव्हा बैलगाडी आणि एखाद्या अंमलदाराचा टांगा, याखेरीज चाकावरचं काही कुणी पाहिलेलं नव्हतं.

मल्लिनाथला दोन लेकरं. उत्तरेश्वर पाच वर्षांचा, कडू तिनाची. कडूच्या आधीच्या पोरी पाळण्यातच गेल्या, म्हणून हिचं नाव कडू ठेवलेलं. मरणाला गोड लागू नये म्हणून. त्यांची आई गंगासागर चूल आणि दुकान यांत अडकलेली, म्हणून दोघं माझ्या पदराला. मी त्यांची आत्या शिवकांता, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली.

रोज दुपारी ओसरीवर पुस्तक उघडायचं आणि दोघांनी बोट ठेवून जागा धरायची. "मी हितं बसणार!" उत्तरेश्वरला नेहमी हाकणाऱ्याची जागा हवी. मग भांडणं, चिमटे, रडारड. शेवटी मी नेम घालून दिला. ज्याचं बोट आधी त्याची जागा. दुसऱ्याला हवी असेल तर बसलेल्यानं आपल्या तोंडानं म्हणायचं, 'मी उतरले, तू बस.' तोवर ओढाओढी नाही.

"आत्या, तू कुटं बसतीस?" कडू विचारायची.

"मी न्हाई बाई. मी नुसती पोचवायला आलीया."

एकदा गाडीत बसून सासरी गेले होते, एकदा बसून परत आले. तेवढं मला पुरे होतं.

शेवटच्या पानावर एक लहानशी गाडी होती. बैल नाही, घोडा नाही, हाकणारा नाही. पुढं मोकळी फळी आणि मागं टेकायला पाठ असलेली एकच बैठक. उत्तरेश्वर ते पान उलटूनच टाकायचा. कडूला मात्र तीच गाडी आवडायची. तिथं बोट ठेवून ती गप्प बसून राहायची.

धुळाजी सुतार दुकानात यायचा, तोही पुस्तक बघायचा. शेवटच्या पानावर त्याचा फार जीव. "लई बेस बैठक हाय," म्हणायचा आणि वितीनं मापं घ्यायचा. आम्ही हसायचो.

त्या वर्षी मानमोडीचा ताप आला. सकाळी बोलणारं माणूस संध्याकाळी गप्प व्हायचं. गावानं मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं. लाकडाचा गुडघ्याएवढा गाडा करायचा, त्यात आई बसवायची आणि घरोघर थांबवत गावाबाहेर न्यायचा. प्रत्येक दारी बायांनी धान्य घालून म्हणायचं, 'आई, पुढं जा.' मग शिवेवर सोडायचा आणि मागं न बघता परतायचं. पुढचं गाव तो आपल्या शिवेपार ढकलतं. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग असलं तरी गावाचा गाडा सगळ्यांचा.

गाडा आमच्या दारी थांबला आणि सुपातलं धान्य घालायचं मी विसरले. धुळाजीनं पुस्तकातली गाडी केली होती! आजवर गाड्याला नुसती फळी असायची. याला मागं बैठक होती. आई पुढं फळीवर, लिंबाच्या डहाळ्यात. मागची जागा रिकामी.

कडू गंगासागरच्या कडेवर होती. गंगासागर पाया पडायला वाकली, तशी कडूनं बैठकीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी हितं बसणार."

पोतराजाचा आसूड खाली आला. हलगी थांबली. शेजारची रतनबाई म्हणाली, "लेकराचं बोलणं आई मनावर घेत न्हाई." पण म्हणता म्हणता तिनं आपला नातू पाठीमागं लपवला, ते मी पाहिलं.

गाडा गेला. ऊन कलायच्या आत कडूला ताप भरला.

दुसऱ्या दिवशी ती डोळे उघडेना. गंगासागर उशाशी बसून रडत होती, मल्लिनाथ वैद्याला आणायला गेला होता. माझ्या मनात एकच गोष्ट. मी पुस्तक आणलं, शेवटचं पान काढलं आणि तिचं तापलेलं बोट बैठकीवर ठेवलं.

"कडू, उतर. म्हण, मी उतरले."

"उतरता येईना आत्या," ती डोळे मिटूनच पुटपुटली. "गाडी हालतीया."

मी तिला घोंगडीत गुंडाळलं आणि खांद्यावर घेतलं.

"वन्सं, कुटं निगालाव? आन् पोरीला कशाला घेतलाव?" गंगासागर ओरडली.

"गाडी थांबवायला," मी म्हटलं.

आमच्या शिवेवर गाडा नव्हता. मातीत चाकांच्या बारीक रेघा होत्या, त्या धरून चालत राहिले. गाड्याच्या मागं जायचं नसतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण खांद्यावर लेकरू भाजत असताना कसले नेम! दिवस मावळायला आला तेव्हा पुढच्या गावाच्या पलीकडच्या शिवेवर, बाभळीखाली तो दिसला. आसपास माणूस नव्हतं, वारा पडलेला. सपाट जमिनीवरचा तो गाडा हळूहळू पुढं सरकत होता.

मी धावले आणि चाक धरलं. चाक गरम होतं, कडूच्या अंगासारखं. मला भीती वाटली, पण हात सोडला नाही. कडूचं बोट गाड्याच्या बैठकीवर टेकवलं.

"थांबली बग गाडी. आता उतर, माझी माय. आत्याला बसू दे."

मग तिनं बोट उचललं.

"मी उतरले," ती म्हणाली. "तू बस."

मी माझं बोट ठेवलं. "बसले."

चाक हातातून सुटलं आणि गाडा उताराला लागला. उतार तिथं नव्हताच. मी मागं न बघता परत फिरले. निम्म्या वाटेत कडूनं पाणी मागितलं, घर आलं तेव्हा भाकरी.

गावानं मला खूप बोल लावले. कितीतरी दिवस माझ्या हातचं पाणी कुणी घेतलं नाही. रतनबाई तर सावलीही चुकवायची. मला त्याचं काही वाटलं नाही. कडू ओसरीवर खेळत होती.

बरी झाल्यावर तिनं पुस्तक मागितलं. शेवटचं पान आलं तशी ती खुशीत म्हणाली, "आत्या बसलीया!" मी नीट पाहिलं. बैठक रिकामी होती. उत्तरेश्वरलाही रिकामीच दिसली. कडू थोडी मोठी झाली, तशी तिलाही.

आता कडू धारूरला दिलेली आहे. लेकरं घेऊन माहेरी येते, आणि तेच पुस्तक, कडा झिजलेलं, पुन्हा ओसरीवर उघडतं. तिचं प्रत्येक पोर, बोलायला शिकलं की, त्या पानावर बोट ठेवून म्हणतं, "आजी." कडू माझ्याकडं बघते. मी म्हणते, "पोरांचं काय ऐकतीस!"

काल तिच्या धाकटीनं बोट ठेवलं. सवयीनं मी डोकावले. बैठकीवर एक म्हातारी पाठमोरी बसली होती. माझंच विटकं लुगडं, माझाच वाकलेला खांदा.

मी पुस्तक उजेडाला नेलं. आधी तिची मांडी पाहिली, मग पदराआड, मग पुढची फळी. कुठं लेकरू बसलेलं दिसतं का, ते पुन्हा पुन्हा पाहिलं. कुणी नव्हतं. मी एकटीच होते. बरं वाटलं.

मग कडूला हाक मारली, म्हटलं, पोरीला भूक लागली असेल, तिला आधी खाऊ घाल.